मागच्या खोलींतील इंटरनेट

आमचें बिऱ्हाड मुंबईंत एका इमारतीच्या चवथ्या मजल्यावर आहे. जागा आगगाडीच्या डब्यासारखी लांबट. पुढें दिवाणखाना, मध्यें स्वयंपाकघर व अगदीं मागें अभ्यासाची खोली. इंटरनेटचा काचतंतु दारांतून आंत येतो, म्हणून तो बसविणाऱ्या गृहस्थांनीं राउटरही दाराशींच, चपलांच्या कपाटावर ठेवून दिला. परिणाम असा झाला कीं, दिवाणखान्यांत सिनेमे सुरळीत चालत. पण दहावीच्या वर्गांतील आमची कन्या मागें गणिताचा पाठ ऐकावयास बसली म्हणजे मास्तरांचें तोंड उघडें तें उघडेंच राही! परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. अखेर तिनें स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं पाट मांडला, तेव्हां कोठें आम्ही जागे झालों.

राउटरमधून निघणाऱ्या लहरी मुख्यत्वें दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची सुमारें सहा. भिंत ओलांडण्याचें सामर्थ्य पहिलीस अधिक, तर मजकूर वाहून नेण्याचें दुसरीस. त्यांतून आमच्या भिंतींत लोखंडी सळ्या, आणि वाटेंत फ्रिज उभा.

आम्ही प्रथम एक रिपीटर विकत आणिला व भोळेपणानें मागच्या खोलींतच लाविला. रिपीटर म्हणजे निरोप पुढें पोंचविणारा गडी. ज्यास मूळ निरोपच नीट ऐकूं येत नाहीं, तो पुढें काय सांगणार? मग तो मध्यें आणिला. लहरी आल्या, परंतु वेग जेमतेम निम्मा. अशा साध्या यंत्राचें ऐकणें व बोलणें एकाच वाहिनीवर चालतें. बोलत असतां त्यास ऐकतां येत नाहीं, म्हणून वेळ दोहोंत वांटला जातो.

शेवटीं आम्ही तारेस शरण गेलों. कॅट ६ जातीची तार १०० मीटरपर्यंत निर्वेध काम करिते. आम्हांस १४ मीटर पुरली. भिंतीवरून धांवणारी तार आमच्या मंडळींस रुचली नाहीं, म्हणून ती पडद्यांमागून न्यावी लागली. तिचें एक टोंक राउटरच्या लॅन खांचेंत व दुसरें मागें ठेवलेल्या एका जुन्या राउटरच्या लॅन खांचेंत बसविलें. मात्र यंत्रांना पत्ते वांटण्याचें काम, ज्यास डीएचसीपी म्हणतात, तें जुन्या राउटरवर बंद करावें. एकाच गांवांत दोघे जण घरांना क्रमांक देऊं लागले तर होईल तोच गोंधळ येथें होतो. त्याचा स्वतःचा पत्ताही मुख्य राउटरहून निराळा ठेवावा. जाळ्याचें नांव व परवलीचा शब्द दोन्हीकडे एकच असावा, वाहिन्या मात्र भिन्न, २.४ च्या पट्ट्यांत १, ६ व ११ या एकमेकींवर पडत नाहींत.

भाड्याच्या जागेंत ज्यांस तार ओढतां येत नाहीं, त्यांच्यासाठीं मेश नांवाचे संच मिळतात. त्यांतील महागड्या संचांत यंत्रांच्या आपसांतील बोलण्याकरितां निराळा पट्टा राखलेला असतो. पण पैसे खर्चण्यापूर्वीं राउटर घराच्या मध्यावर, उंच जागीं ठेवून अवश्य पाहावा. आम्हांस तें साधलें नाहीं, कारण काचतंतु दाराशींच संपला होता.

पाट आतां स्वयंपाकघरांत परत गेला आहे. कन्या खोलीचें दार लावून गणितें सोडविते, व आम्हांस आंत जावयाचें तर दार ठोठवावें लागतें.