चौघडा झडला की काम सुरू

तुळजाभवानीच्या मंदिरात पहाटे चौघडा झडतो, गाभाऱ्याचं दार उघडतं आणि चरणतीर्थ होतं. मग सकाळची अभिषेक पूजा, वस्त्रालंकार, नैवेद्य, धूपारती. संध्याकाळी पुन्हा अभिषेक, मंगळवारी छबिना, आणि रात्री प्रक्षाळ पूजा झाली की दिवस मिटतो. गर्दीच्या दिवशी चरणतीर्थ मध्यरात्रीनंतर लगेच होतं. घड्याळातली वेळ सरकते, पण क्रम जागचा हलत नाही. पाळीकर पुजाऱ्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात. ज्याची पाळी, त्याने हजर राहायचं. बोचरी थंडी आहे, आदल्या रात्री झोप झालेली नाही, घरी पाहुणे आहेत, यातलं काहीही ती पहाट विचारात घेत नाही.

या परंपरेचं धार्मिक मोल भाविक जाणतातच. मानसशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर तिच्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हे काम कुणाच्या उत्साहावर अवलंबून ठेवलेलंच नाही. आपण घरी नेमकं उलटं करतो. चालायला जायचं, अभ्यासाला बसायचं, हिशेबाची वही पुरी करायची, या सगळ्यासाठी आधी मनाची तयारी होण्याची वाट पाहतो. मन तयार होत नाही, काम राहतं आणि रात्री स्वतःलाच आळशी म्हणून झोपतो.

आळसाचा हा आरोप बहुतेक वेळा चुकीचा असतो, हे एका छोट्या प्रयोगातून चांगलं दिसतं. २००२ साली ब्रिटनमध्ये सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन या संशोधकांनी २४८ जणांवर तो केला. आठवड्यातून निदान एकदा २० मिनिटं जोरकस व्यायाम करायचा, एवढंच काम. पहिल्या गटाला विशेष काही सांगितलं नाही. दुसऱ्या गटाला हृदयविकाराचा धोका आणि व्यायामाचे फायदे पटवून देणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्या गटाला तोच मजकूर दिला आणि वर एक वाक्य पुरं करायला सांगितलं: पुढच्या आठवड्यात मी अमुक वारी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. पहिल्या गटातल्या ३८ टक्के लोकांनी व्यायाम केला. दुसऱ्यातल्या ३५ टक्के. तिसऱ्यातल्या ९१ टक्के!

दुसऱ्या गटाच्या आकड्याकडे नीट पाहावं. त्या मंडळींना व्यायामाचं महत्त्व पटलं होतं, इच्छाही वाढली होती, पण पाऊल उचललं गेलं नाही. तिसऱ्या गटाकडे इच्छेच्या जोडीला जागा आणि वेळ होती. व्यायाम केल्याची माहिती लोकांनी स्वतःच सांगितलेली होती, त्यामुळे ९१ हा आकडा सगळीकडे तसाच येईल असं मानू नये. पण ही कल्पना मांडणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी शीरन यांच्यासह २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही ‘कधी, कुठे, कसं’ आधी ठरवण्याचा परिणाम ठळकच दिसला.

इथे तुळजापूरच्या क्रमाकडे परत यावंसं वाटतं. ‘सात वाजता करीन’ असं ठरवलं की घड्याळावर सतत लक्ष ठेवायचं काम आपल्याच डोक्यावर येतं. ‘अमुक झालं की करीन’ असं ठरवलं की आधीचं काम स्वतःच आठवण करून देतं. स्मरणशक्तीचे अमेरिकी अभ्यासक गाइल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल यांनी हा फरक तपासून दाखवला. वय झालेल्या माणसांना घड्याळाशी बांधलेलं काम लक्षात ठेवणं जड गेलं; एखाद्या घटनेशी बांधलेलं काम त्या मानाने सोपं गेलं. महाद्वाराजवळ कुंकू, कवड्यांच्या माळा आणि परड्या विकणाऱ्या दुकानदारांची सकाळ अशीच बांधलेली असते. फळी उघडली की झाडलोट, मग पाण्याचा सडा, मग देवाला उदबत्ती, मग माळा खुंट्यांना. उदबत्ती लावली की हात आपोआप माळांकडे जातात. कालचा हिशेब रोज राहून जात असेल तर तो याच साखळीत, उदबत्तीनंतर आणि माळांच्या आधी बसवायचा.

साखळी मेंदूत कशी बसते, तेही कळलं आहे. एमआयटीमधल्या अ‍ॅन ग्रेबील यांच्या प्रयोगशाळेने इंग्रजी ‘टी’च्या आकाराच्या वाटेवर उंदरांना पळवलं आणि त्यांच्या मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागातल्या पेशींची हालचाल टिपली. नवखेपणी त्या पेशी वाटभर काम करत होत्या. सराव झाल्यावर त्यांचा जोर मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटाला उरला. मधला सगळा भाग एकच गठ्ठा झाला होता. १९९९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झालं. म्हणूनच सवय लावताना सुरुवातीची खूण आणि शेवटाची खूण स्वच्छ हवी. सुरुवातीला चौघडा आणि शेवटी प्रक्षाळ असलेल्या दिवसाला अशा खुणा शोधाव्या लागत नाहीत.

सवय २१ दिवसांत लागते, असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. मध्यांक ६६ दिवसांचा निघाला आणि माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा होता. न्याहारीनंतर ग्लासभर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा खंड पडला नाही, हा त्यातला सर्वांत दिलासा देणारा भाग. तिसऱ्याच दिवशी खाडा झाला म्हणून सगळं सोडून देणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

लांब पल्ल्याच्या कामाचा प्रश्न थोडा वेगळा. कोजागरीला सोलापूरहून हजारो भाविक पायी तुळजापूरला येतात, अंतर सुमारे ४५ किलोमीटर. तामलवाडी मागे पडते, शेवटी घाट लागतो, पाय भरून आलेले असतात, तरी घाटाचे दिवे दिसले की चाल वाढते. मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकात उंदरांमध्ये हेच मोजलं होतं: खाणं जवळ आलं की वेग वाढतो. कठीण असतो तो मधला पट्टा, जिथून घरही लांब आणि देऊळही लांब. मोठ्या कामाचे टप्पे पाडायचे ते या मधल्या पट्ट्यासाठी.

आणि विश्रांती. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून पलंगावर नेली जाते: शारदीय नवरात्राच्या आधी, दसऱ्यानंतर आणि शाकंभरी नवरात्राच्या आधी. दसऱ्यानंतरच्या निद्रेला श्रमनिद्रा म्हणतात आणि ती पौर्णिमेपर्यंत चालते. महिषासुराशी नऊ दिवस लढलेल्या देवीचाही थकवा आपल्या परंपरेने मान्य केला आणि त्यासाठी पंचांगात तिथी राखून ठेवल्या. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग यांनी २००३ मध्ये १४७ नोकरदारांच्या रोजच्या नोंदी सलग पाच दिवस तपासल्या. आदल्या दिवशी ज्यांचा शीण नीट गेला, ते दुसऱ्या दिवशी कामात अधिक रमले आणि त्यांनी स्वतःहून पुढाकारही घेतला. उरलासुरला वेळ म्हणून पदरात पडणारी विश्रांती बहुधा मोबाइलवर संपते. ती आधी ठरवून ठेवावी लागते.

दहावी-बारावीची मुलं ज्या घरात आहेत, त्या पालकांना माझी एक विनंती आहे. ‘मन लावून अभ्यास कर’ हे वाक्य महिनाभर बाजूला ठेवा. त्याऐवजी मुलाला किंवा मुलीला विचारा, ‘जेवण झाल्यावर कुठे बसणार आहेस आणि पहिलं कुठलं पुस्तक उघडणार आहेस?’ उत्तर मुलांच्याच हाताने कागदावर लिहून घ्या आणि त्याखाली अभ्यास कधी थांबवायचा, तेही लिहायला सांगा.