भिजत घोंगडं आणि रात्रीची झोप : अर्धवट कामांचं करायचं काय?

शहाडहून मी पुन्हा तुमच्या कानाशी आलोय. आणि ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन लावायलाही हात मोकळा मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून देतोय.

आजचा विषय एका मेसेजमधून आला. बारावी सायन्सला असलेली आपली एक श्रोती लिहिते, "दादा, जात पडताळणीचा अर्ज भरायचाय. सहा महिने नुसतं 'उद्या करते' चाललंय. काम तर होत नाही, पण अभ्यासाला बसले की तेच आठवतं. रात्री झोप लागत नाही. मी आळशी आहे का?"

नाही. आळशी माणूस मजेत झोपतो. काम न करताही जो दमतो, त्याचा आजार वेगळा.

आधी हे प्रकरण किती मोठं आहे ते बघू. आरक्षित जागेवर इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला प्रवेश घ्यायचा, तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. सीईटीत मार्क चांगले पडले, पण ठरलेल्या तारखेपर्यंत हा कागद आला नाही, तर ती जागा हातची जाऊ शकते. म्हणजे तिची काळजी खोटी नाही. कामही खरं आणि तारीखही खरी.

मग अडलंय कुठे? मी तिला एवढंच विचारलं, "अर्जातलं नेमकं काय राहिलंय?" ती म्हणाली, ऑनलाइन फॉर्म अर्धा भरलाय, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला घरात आहे. राहिलाय आजोबांचा दाखला. ती ओबीसी, म्हणजे 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा जोडायचा असतो. तो दाखला गावी काकांकडे आहे. आणि जमिनीवरून दोन वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे.

बघा, फॉर्म अडलेलाच नाहीये. अडलाय तो एक फोन.

आपण काम टाळत नाही

फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये हीच गोष्ट मांडली. त्यांचं म्हणणं असं, की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी आणि मनाच्या अवस्थेचा जास्त आहे. एखादं काम डोळ्यांसमोर आलं की भीती, लाज, कंटाळा असं काहीतरी वाटतं. ते नको म्हणून आपण मोबाइल उचलतो. दोन मिनिटं बरं वाटतं. त्या दोन मिनिटांच्या बऱ्या वाटण्याची किंमत उद्याचा 'मी' भरतो.

म्हणून नवं टाइमटेबल करून काही होत नाही. टाइमटेबलमध्ये 'काकांना फोन करताना पोटात गोळा येतो' यासाठी रकाना नसतो ना!

मग रात्री तेच का आठवतं?

ब्लूमा झायगार्निक ही बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्याकडे शिकणारी संशोधक. तिने लोकांना छोटी छोटी कामं दिली, काही मध्येच थांबवली आणि नंतर काय आठवतं ते विचारलं. अर्धवट राहिलेली कामं जास्त आठवली. हा अभ्यास 1927 साली छापून आला. पुढे सगळ्यांनाच तसा निकाल मिळाला नाही, हेही सांगायला हवं. पण तिचीच सहकारी मारिया ओव्हसियांकिना हिला 1928 मध्ये दिसलं, की थांबवलेलं काम लोक कोणी न सांगताही पुन्हा हातात घेतात. मनाला ते पुरं करायची ओढ असते.

आपल्याकडे यालाच भिजत घोंगडं म्हणतात. घोंगडं भिजलं की जड होतं, आणि जितकं पडून राहील तितकं उचलणं जिवावर येतं.

आता कामाची बातमी. मासिकाम्पो आणि बॉमाइस्टर यांनी 2011 मध्ये दाखवलं, की अर्धवट कामाचे विचार वाचनात अडथळा आणतात. पण ज्यांना त्या कामाची नेमकी योजना करू दिली, त्यांचा तो त्रास थांबला. काम झालेलं नव्हतं बरं का! फक्त कधी, कुठे, कसं हे ठरलं होतं. मनाला पावती मिळाली की ते तगादा सोडतं.

तर करायचं काय?

एक. 'अर्ज भरायचा' हे काम नाही, ते गाठोडं आहे. ते सोडा आणि त्यातली पहिली हालचाल शोधा. आपल्या श्रोतीची पहिली हालचाल होती चुलतभावाला एक मेसेज : "आजोबांच्या दाखल्याचा फोटो पाठवशील का?" काकांपेक्षा भाऊ सोपा. आणि तिथूनही नाही जमलं, तर आजोबांच्या शाळेत अर्ज करून जनरल रजिस्टरचा उतारा मागता येतो. भीतीमुळे आपल्याला एकच दार दिसत असतं.

दोन. त्या हालचालीला रोजच्या एखाद्या गोष्टीची गाठ मारा. पीटर गोलविट्झर यांनी यावर बरंच काम केलंय : 'असं झालं की मी हे करणार.' आपल्या कसारा लाइनला कल्याणसारख्या पाठोपाठ गाड्या नाहीत, त्यामुळे शहाडच्या प्लॅटफॉर्मवर वाट बघणं रोजचंच. मग ठरवा, 'इंडिकेटर बघितला की रील्स उघडायच्या आधी तो मेसेज.' 'वेळ मिळाला की करेन' याला गाठ म्हणत नाहीत.

तीन. झोपण्याआधी पाच मिनिटं कागदावर उद्याची कामं लिहा. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात 57 तरुणांवर हा प्रयोग झाला. उद्याची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. मोबाइलवर नको, कागदावरच. मोबाइल उघडला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

चार. अर्ज दिल्यावर तो समितीच्या टेबलावर जातो. तिथून पुढची काळजी तुमच्या हातातली नाही. तुमच्या हातात आहे तपासणीचा एक ठरलेला वार. दर सोमवारी स्टेटस बघायचं आणि मंगळवार ते रविवार भौतिकशास्त्र करायचं.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगतो. झोप, भूक, अभ्यास सगळंच कित्येक आठवडे बिघडलं असेल, तर ते यादीने सुटणारं नाही. 14416 हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, चोवीस तास सुरू असतो. बिनधास्त बोला.

त्या श्रोतीने मेसेज पाठवला. अजून दाखला आलेला नाही, पण भावाचं उत्तर आलंय : "बघतो, आईला विचारतो." घोंगडं वाळलेलं नाही, पण पाण्यातून बाहेर आलंय.

तुमचं कुठलं घोंगडं भिजत पडलंय? सगळं नका सांगू. त्यातली पहिली हालचाल काय, तेवढीच एका ओळीत पाठवा. भेटू पुढच्या भागात!