काळ्या शाफ्टची निगा

क्यू आणि टेबल : लेखांक सातवा

मागच्या लेखांकात आपण क्यूच्या टोकाला असलेल्या चामड्याच्या टीपचा विचार केला. आता तिच्या मागचा दांडा, म्हणजे शाफ्ट. तोही लाकडाचा नव्हे, कार्बन फायबरचा. जळगाव, भुसावळकडच्या पूल टेबलांवर हा काळा शाफ्ट अजून क्वचितच दिसतो. ज्याने तो घेतला, त्याने बरेच पैसे मोजलेले असतात, कारण परदेशातच चांगल्या कार्बन शाफ्टची किंमत काहीशे डॉलरच्या घरात असते. म्हणून तो जपण्याचा उत्साह दांडगा असतो. या शाफ्टचं सर्वात जास्त नुकसान होतं ते याच उत्साहामुळे. लाकडी क्यूवर वर्षानुवर्षं केलेले उपाय तेच हात कार्बनवर करतात, आणि कार्बनला त्यातला जवळजवळ एकही उपाय सोसत नाही.

आपल्याकडे या खेळाची परंपरा जुनी आहे आणि ती पूर्णपणे लाकडाची आहे. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला, नेव्हिल चेंबरलेन या तरुण इंग्रज अधिकाऱ्याच्या डोक्यातून. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकलं. त्यानंतर मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी तो वारसा पुढे नेला. ही सगळी माणसं लाकडी क्यूवर घडली. स्नूकर-बिलियर्ड्सचा क्यू बहुधा ॲश लाकडाचा, पूलचा शाफ्ट मेपलचा. त्यामुळे क्यू सांभाळण्याचं जे ज्ञान उस्तादांकडून शिष्यांकडे आलं, ते सगळं लाकूड कसं वागतं यावर उभं आहे.

लाकूड छिद्रांचं असतं. हाताचा घाम, तेल आणि चॉकची निळी पूड त्या छिद्रांत उतरते, शाफ्ट निळसर-करडा होतो आणि बोटांवर अडखळू लागतो. मग ओलसर कापडाने पुसायचं, अगदी बारीक पॉलिश पेपर हलका फिरवायचा, शेवटी चामड्याच्या तुकड्याने जोरात घासून उष्णतेने छिद्रं मिटवायची. पोचा पडला तर ओल्या फडक्याची वाफ देऊन तंतू फुगवायचे. हे सगळं लाकडाला योग्य आहे, कारण लाकूड आतून बाहेरून एकच आहे. वरचा थर गेला तर खाली तेच लाकूड निघतं. व्यास किंचित कमी होतो, एवढंच.

कार्बन शाफ्टची रचना वेगळी आहे. कार्बनचा एकेक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा असतो, माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याचा. असे हजारो तंतू इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून पातळ भिंतीची नळी करतात आणि बहुतेक शाफ्टमध्ये आतली पोकळी फोमने भरतात. टोकाकडचं वजन कमी झाल्यामुळे साइड देऊन, म्हणजे पांढऱ्या चेंडूच्या मध्याच्या डाव्या-उजव्या बाजूला मारताना, तो चेंडू नेमाच्या रेषेवरून कमी सरकतो. लोक पैसे मोजतात ते या गुणासाठी. २०१६-१७ च्या सुमारास प्रिडेटर कंपनीचा रेव्हो शाफ्ट बाजारात आला आणि त्यानंतर क्यूटेक, मेझ अशा कंपन्यांनीही आपापले काळे शाफ्ट काढले. पण आपलं बोट ज्याला लागतं तो पृष्ठभाग मुख्यतः रेझिनचा असतो. तंतूंना धरून ठेवणारा तो थर फार पातळ असतो. तो घासून काढला की खाली तंतू उघडे पडतात, आणि उघडा तंतू तुटतो, कुसळासारखा वर येतो. इथे लाकडासारखं खाली तेच निघत नाही.

शाफ्ट घासू नका, हे भुसावळजवळच्या वरणगावात जास्त ठासून सांगावंसं वाटतं. १९६४ पासून इथे आयुध निर्माणी आहे. इथल्या घराघरांत लेथ, गेज, फिनिश हे शब्द ऐकत मुलं मोठी झाली. ज्याच्या घरात यंत्रकाम आहे त्याचा हात धातूवर डाग दिसला की झीरो पेपरकडे, म्हणजे बारीक पॉलिश पेपरकडे, जातो. ही चांगली सवय आहे, धातूच्या कामात तिच्यावाचून भागत नाही. पण कार्बन शाफ्टवर झीरो पेपर, स्टील वूल, भांडी घासायचा हिरवा स्क्रबर, यांपैकी काहीही चालत नाही. पांढरा ‘मॅजिक’ स्पंजसुद्धा नको. तो मेलामाइनचा असतो. हाताला मऊ लागला तरी काम अतिबारीक पॉलिश पेपरचंच करतो.

मग शाफ्टवर जी मळी बसते ती काय असते? तिचा मोठा भाग चॉकचा. चॉक म्हणजे शाळेचा खडू नव्हे. १८९७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पिंक्स या बिलियर्ड्सपटूने विल्यम हॉस्किन्स या रसायनज्ञाच्या मदतीने आजच्या चॉकचं पेटंट घेतलं. त्यात मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिनाची पूड असते, रंग आणि बांधणीसाठी गोंदासारखा पदार्थ. ही दोन्ही खनिजं कठीण आहेत, पॉलिश पेपरवर अशीच पूड चिकटवलेली असते. म्हणूनच चामड्याची टीप गुळगुळीत चेंडूला धरून ठेवते. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळून उरते ती उडती राखही रसायनाच्या दृष्टीने मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिनाच. उन्हाळ्यात दारं-खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत टेबलाच्या कापडावर बोट फिरवून पाहा, धूळ लगेच कळेल. क्यू उघडा टेकवून ठेवला की ही पूड आणि हाताचं तेल मिळून शाफ्टवर पातळ थर बसतो. तो कोरड्या कापडाने दाबून रगडला तर आपणच त्या कणांनी शाफ्ट घासतो. आधी कण उचलायचे, मग थर विरघळवायचा, हा क्रम त्यासाठीच.

रोजची निगा सोपी आहे. खेळायच्या आधी साबणाने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. केळीच्या पट्ट्यातल्या मंडळींना हे मुद्दाम सांगतो, कारण घड उतरवताना चीक लागू नये म्हणून कुणी हाताला तेल लावतात, आणि ते तेल संध्याकाळी शाफ्टवर येतं. हिवाळ्यात भरिताच्या पंगतीवरून थेट टेबलावर येणाऱ्यांनाही हेच लागू. हात धुतले की निम्मी सफाई आधीच झाली. खेळ संपल्यावर कोरड्या स्वच्छ मायक्रोफायबरने, दाब न देता, शाफ्ट एकदा पुसून घ्या.

शाफ्ट बोटांवर अडखळू लागला की अल्कोहोलची वेळ. बहुतेक उत्पादक आयसोप्रोपिल अल्कोहोलच सुचवतात, तरी आपल्या शाफ्टबरोबर आलेला कागद आधी वाचावा. सत्तर टक्क्यांचं चालतं, नव्वदच्या वरचं अधिक बरं, कारण त्यात पाणी कमी आणि ते लवकर उडतं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ‘आयपीए’ म्हणून मागितलं तर तो लगेच ओळखतो. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट घेताना लेबल पाहा, काहींत इतर पदार्थ असतात. हाताचं सॅनिटायझर मात्र वापरू नका. त्वचा कोरडी पडू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात, आणि ते मागे चिकट थर ठेवतं. ॲसिटोन आणि थिनरचा तर विचारही नको. ते रेझिनला त्रास देतात, आणि टीप ज्या गोंदाने बसवलेली असते तो गोंद सोडवतात.

कापडावर थोडं अल्कोहोल घ्या, कापड ओलसर हवं, टपकणारं नको. शाफ्टवर थेट ओतू नका. जॉइंटच्या, म्हणजे शाफ्ट बटला जुळतो त्या, बाजूने सुरू करून टोकाकडे जा. चॉक टोकाशी जास्त असतं, उलट दिशेने पुसलं तर ते स्वच्छ भागावर ओढलं जातं. कापडाची घडी बदलत राहा, निळी झालेली बाजू पुन्हा शाफ्टला लावू नका. टीपच्या चामड्याच्या थोडं अलीकडे थांबा. चामड्याला अल्कोहोल लागलं की ते कोरडं, ताठ होतं. फेरूल, म्हणजे टीपखालची छोटी टोपी, पांढरी असेल तर तिच्यावर निळा डाग राहतो. तो कापडाच्या वेगळ्या कोपऱ्याने पुसा. मग लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने दहा-पंधरा वेळा हलक्या हाताने पुसा. तरीही शाफ्ट अडखळत असेल तर पुन्हा एकदा हेच करा. मेण, सिलिकॉनचे स्प्रे, फर्निचर पॉलिश लावायची गरज नाही. पहिल्या दिवशी ते छान सरकतं, दोन दिवसांत त्यालाच धूळ चिकटते.

दोन सूचना आणखी. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा खोलीत सिगारेट किंवा उदबत्ती पेटलेली असताना हे काम करू नका. आणि क्यूच्या बटवर, म्हणजे मागच्या जाड भागावर, ते लावू नका. बट बहुधा लाकडी असतो आणि त्यावर लॅकर किंवा वार्निश असतं. अल्कोहोलने ती चमक मंद पडते. शाफ्टवरच्या छापील नावाशीही जपून.

टाल्कम पावडरबद्दल माझं मत ठाम आहे. ती टाळा. घामट हातावर ती क्षणभर बरी वाटते, मग गोळे होऊन शाफ्टला आणि टेबलाच्या कापडाला लागते, आणि कापड खराब झालं की सगळ्यांचाच खेळ बिघडतो. घाम येत असेल तर तीन बोटांचा हातमोजा घाला. चॉकचा ठोकळाही टेबलाच्या कडेवर निळी बाजू वर करून ठेवा. उलटा ठेवला की कडेवर पूड सांडते, तिथे हाताचा ब्रिज, म्हणजे क्यूला आधार देणारा पंजा, टेकतो आणि तीच पूड शाफ्टवर जाते.

आता उन्हाचं. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत तापमान साठच्याही वर चढतं. कार्बनची नळी लाकडासारखी वाकत नाही, हे खरंच. म्हणून लोक निर्धास्त होऊन क्यू डिकीत विसरतात. पण त्या क्यूत बटचं लाकूड आहे, जॉइंटचा गोंद आहे, टीपचा गोंद आहे, आत फोम आहे. ही सगळी उष्णता झेलणारी मंडळी नव्हेत. पावसाळ्यात बटच्या लाकडाला दमटपणाही सोसत नाही. क्यू दोन भागांत उघडून, केसमध्ये, घराच्या आतल्या सावलीत ठेवावा, भिंतीला तिरपा टेकवून नव्हे.

महिन्यातून एकदा शाफ्ट तपासावा, आणि त्यासाठी खानदेशात साधन फुकट आहे. कपाशीच्या बोंडातल्या कापसाचा पिंजलेला पुंजका शाफ्टवरून टोकाकडे आणि परत हलकेच फिरवा. कुठे तंतू वर आला असेल तर कापूस तिथे अडकतो. डोळ्याला न दिसणारा ओरखडा असा सापडतो. बोट फिरवून शोधू नका, कार्बनचं कुसळ कातडीत गेलं तर काढायला फार त्रास देतं. कापूस अडकला की तो शाफ्ट वापरणं थांबवा आणि उत्पादकाला किंवा अनुभवी क्यू-कारागिराला दाखवा. कार्बनवरचा पोचा वाफेने भरून येत नाही, आणि घरचा इलाज इथे नाही.

टीप बदलायची वेळ आली तरी तोच धोका येतो. नवी टीप बसवून कडा कापताना कारागीर ब्लेड किंवा पेपर फेरूलपर्यंत आणतो, आणि हात सुटला तर शाफ्ट खरवडला जातो. कार्बनची पूड त्वचेला खाजवते, श्वासात जाऊ नये अशी असते, आणि वीजवाहक असल्यामुळे जवळच्या यंत्रात गेली तर तेही बिघडवू शकते. त्याने मास्क लावावा, पूड ओल्या कापडाने उचलावी, फुंकून उडवू नये. टीपखालचा सगळा भाग मास्किंग टेपने गुंडाळल्याशिवाय शाफ्ट त्याच्या हाती देऊ नका. त्याने हसून “काही होत नाही” म्हटलं तरी टेप आपण स्वतः लावून द्या.

पुढच्या लेखांकात : जॉइंटचा स्क्रू आणि बटवरची दोऱ्याची पकड.