मेलेली कूर्चा शाबूत, जिवंत फस्त

“डॉक्टर, वंगण संपलं असेल ना?” गुडघा धरून आलेला पेशंट खुर्चीत टेकायच्या आत विचारतो. ओपीडीत गर्दी असते, मीही मान डोलावतो. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया करताना हाडांच्या टोकांवरची कूर्चा डोळ्यांसमोर असते, आणि तिची दशा निव्वळ घासण्याने झालेली नसते. पुष्कळशी पोखरण आतून होते.

हे दाखवलं ऑनर फेल या केंब्रिजच्या बाईंनी. 1929 ते 1970 स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेच्या संचालक; निवृत्तीनंतरही प्रयोग सुटले नाहीत. 1977 साली, पंचाहत्तरी उलटून गेल्यावर, सहकारी जब यांच्याबरोबर त्यांनी डुकराच्या सांध्यातलं अस्तर आणि कूर्चेचे तुकडे बशीत वाढवले. अस्तर चिकटून असलं की कूर्चा विरघळायची, यात नवल नाही. पण अस्तर लांब ठेवलं तरी जिवंत कूर्चा विरघळली. आणि जिच्या पेशी आधीच मारल्या होत्या ती? लांबच्या अस्तराने तिचं काहीच बिघडलं नाही!

म्हणजे अस्तराकडून नुसता निरोप जात होता; घर पाडत होत्या कूर्चेच्या स्वतःच्या पेशी. त्या निरोप्याला आधी ‘कॅटॅबोलिन’ म्हणत. पुढे कळलं, तो इंटरल्यूकिन-1.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. पेशी अगदी विरळ. भोवती कोलॅजेनचं जाळं आणि त्यात पाणी धरून ठेवणारं ॲग्रिकन. इंटरल्यूकिन-1 किंवा त्याच्यासारखाच दुसरा निरोप्या टीएनएफ पेशीला येऊन चिकटला की केंद्रकातली सूत्रं बदलतात: नवं बांधकाम थंडावतं आणि कात्र्या तयार होऊ लागतात. आधी ॲग्रिकन तुटतं. ते पुन्हा बनू शकतं. एमएमपी-13 ही कात्री कोलॅजेनला भिडली की मात्र संपलं, कारण मोठ्या माणसाच्या कूर्चेत ते जवळपास बदललंच जात नाही.

आमवातात टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांनी अनेकांचे सांधे वाचवले. वयानुसार होणाऱ्या संधिवातात इंटरल्यूकिन-1 अडवून पाहिलं, तर पदरी निराशाच आली. तिथे निरोपे बरेच असावेत, असं मला वाटतं. चरबीही असे रेणू सोडते. वजन कमी करा म्हटलं की पेशंट गुडघ्यावरच्या ओझ्याचा विचार करतात. पण लठ्ठ माणसांत बोटांच्या सांध्यांचा संधिवातही जास्त आढळतो, आणि बोटांवर कोण चालतं?