कैसर, संविधान आणि नागपूरची ख्रिस्ती मंडळी

नागपुरात ख्रिस्ती माणसाबद्दल दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. पहिली अशी, की ही माणसे सत्तेपुढे मान तुकवणारी; इंग्रज होते तेव्हा इंग्रजांची, आता जो गादीवर येईल त्याची. दुसरी नेमकी उलटी, की यांची निष्ठा इथे नाहीच. ती रोमला, नाहीतर अमेरिकेला. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, तरी अनेकदा एकाच तोंडून निघतात. मला अधिक काळजी वाटते ती वेगळीच. मंडळीतलेही बरेच जण पहिली तक्रार मनोमन मान्य करून बसले आहेत आणि तिलाच धर्मशिक्षण समजतात. ‘सरकारविरुद्ध बोलू नये, शास्त्रात तसंच सांगितलं आहे,’ हे वाक्य चर्चच्या आवारात मी अनेकदा ऐकले आहे. शास्त्रात तसे सांगितलेले नाही. काय सांगितले आहे आणि नागपूर-वर्ध्याच्या परिसरात माणसांनी ते कसे आचरले, ते इथे मांडतो.

‘अधिकारी देवाने नेमलेले, म्हणून ते करतील ते बरोबर’

हा गैरसमज बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायावर उभा आहे. प्रेषित पौलाने हे पत्र सन 57च्या सुमारास करिंथ शहरातून लिहिले. रोमच्या गादीवर तेव्हा नीरो होता. पहिल्या सात ओव्यांत पौल सांगतो, की अधिकार देवाकडून येतो, म्हणून त्याच्या अधीन राहावे. कर, जकात आणि मान ज्याचा त्याला द्यावा. यात संदिग्ध काही नाही. कर बुडवणारा ख्रिस्ती माणूस या ओव्यांपुढे उत्तर देऊ शकत नाही, मग त्याचा दशांश कितीही नियमित असो.

पण अध्यायांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत, ते कित्येक शतकांनी पडले. पत्र सलग वाचले तर या ओव्यांच्या आधी वाइटाची फेड वाइटाने करू नये, शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घालावे, असे सांगितले आहे, आणि त्यांच्या लगेच नंतर शेजाऱ्यावरच्या प्रीतीचे ऋण येते. मधल्या ओव्या तेवढ्या कापून घेतल्या, की त्या कोणत्याही राज्यकर्त्याच्या सोयीच्या होतात. आणखी एक गोष्ट वाचताना निसटते. पौल अधिकाऱ्याला देव म्हणत नाही. तो त्याला देवाचा सेवक म्हणतो, आणि तोही लोकांच्या भल्यासाठी नेमलेला. सेवकाला धनी असतो, नेमून दिलेले काम असते आणि त्या कामाचा हिशेबही द्यावा लागतो. रोमच्या साम्राज्यात, जिथे मेलेल्या सम्राटांची देवळे उभी राहत, तिथे हे लिहिणे म्हणजे सम्राटाला त्याची पायरी दाखवणे होते.

पौल स्वतः कसा वागला, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या 16व्या अध्यायात आहे. फिलिप्पै शहरात त्याला आणि सीलाला चौकशी न करता भर चौकात फटके मारले, तुरुंगात टाकले, पाय खोड्यात अडकवले. सकाळी अधिकाऱ्यांनी शिपायांकरवी निरोप पाठवला, की सोडून द्या. दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणत निघाला असता. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशीशिवाय आम्हाला चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवता काय. त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे, असा त्याने उलट निरोप दिला. अधिकारी घाबरले, आले आणि विनवण्या केल्या. रोमकरांस पत्र याच माणसाने लिहिले. पुढे 25व्या अध्यायात तो खालच्या अधिकाऱ्याकडे न्याय मिळत नाही असे पाहून थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागतो. अधीन राहणे आणि हक्क मागणे यांत त्याला विरोध दिसला नाही.

आणि अधीनतेला सीमा आहे. येशूच्या नावाने शिकवू नका, असा हुकूम झाला तेव्हा पेत्र आणि इतर प्रेषितांनी माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानणे भाग आहे असे सांगितले, फटके खाल्ले आणि शिकवणे चालू ठेवले. फारोने इब्री मुलगे मारायला सांगितले तेव्हा शिप्रा आणि पुवा या सुइणींनी ते केले नाही. दानीएल राजाच्या दरबारात इमानाने चाकरी करत होता, पण प्रार्थना सोडायला तयार झाला नाही. या सगळ्यांत एक सारखेपण आहे : चुकीचा हुकूम नाकारायचा, पण हात उगारायचा नाही.

‘इंग्रजांचा धर्म, म्हणून इंग्रजांची बाजू’

यात अर्धे सत्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 1857 साली नागपुरात उठावाची कुणकुण लागली तेव्हा मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी इंग्रज अधिकाऱ्यांना सावध केले होते. अँग्लिकन उपासनेत वर्षानुवर्षे इंग्लंडच्या राजासाठी प्रार्थना होत असे. अनेक ख्रिस्ती कुटुंबे स्वातंत्र्य चळवळीपासून लांबच राहिली.

उरलेले अर्धे सत्य मात्र आपल्याच गावातले असूनही फार थोड्यांना ठाऊक आहे. हिस्लॉप ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडकडून 1845 साली नागपुरात आले, ते चर्च जन्मलेच सरकारशी झालेल्या वादातून. मंडळीचा पाळक कोण, हे जमीनदारांनी आणि न्यायालयांनी ठरवायचे नाही, या एका मुद्द्यावर 1843 साली साडेचारशेहून अधिक पाळकांनी पगार आणि राहती घरे सोडली होती. हिस्लॉप यांनीही पुढे नागपूरच्या इंग्रज कारभारातला गोंधळ वर्तमानपत्रांतून उघडपणे मांडला. 1861 साली मध्य प्रांत वेगळा करण्यामागे त्या लेखनाचाही वाटा होता. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे, त्यांची ही बाजू त्या कॉलेजात शिकलेल्यांनाही सहसा सांगितली जात नाही.

पुढची गोष्ट 1930च्या दशकातली. व्हेरिअर एल्विन हे अँग्लिकन धर्मगुरू पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून निघाले आणि 1932च्या जानेवारीत आपले मराठी सोबती शामराव हिवाळे यांच्यासह मैकल डोंगरातल्या करंजिया भागात गोंडांमध्ये राहायला गेले. तो मुलूख नागपूरच्या बिशपच्या कक्षेत येई. तेव्हाचे बिशप अलेक्स वुड यांनी धर्मगुरू म्हणून परवाना देण्यासाठी सम्राटाशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथेचा आग्रह धरला. एल्विन यांनी ती घेतली नाही आणि परवाना मिळाला नाही. मात्र इंग्लंडहून भारतात परतायची परवानगी मिळावी म्हणून राजकीय चळवळीत भाग घेणार नाही, असे त्यांना सरकारला लिहून द्यावे लागले. शपथ नाकारणारा माणूस पूर्ण मोकळा राहू शकला नाही. विवेकाने जगणाऱ्यांच्या चरित्रांत अशा तडजोडी असतात आणि त्याही सांगायला हव्यात.

वर्ध्याचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती घरातले, हिशेबतपासनीस म्हणून शिकलेले. 1930 साली मिठाच्या सत्याग्रहात निःशस्त्र लोकांवर लाठ्या पडत होत्या तेव्हा त्यांनी भारतातल्या ख्रिस्ती सेवकांना जाहीरपणे विचारले, की अहिंसेने लढणाऱ्यांच्या बाजूने तुम्ही का बोलत नाही? भारतातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख, कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट यांच्याशी त्यांचा याच विषयावर वाद झाला. बिशपांच्या मते कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीशी विसंगत होता; कुमारप्पांच्या मते दुसरा गाल पुढे करायची शिकवण मिठागरावर मार खाणारे लोक पाळत होते. पुढे 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम कुमारप्पांनी वर्ध्याच्या मगनवाडीत राहून सांभाळले. 1942च्या आंदोलनात ते पुन्हा तुरुंगात गेले आणि जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी येशूच्या शिकवणीवर आणि आचरणावर एक पुस्तक लिहून काढले. माझ्या मते या वादात शास्त्र कुमारप्पांना अधिक कळले होते, कारण बिशपांकडे आज्ञा होती आणि कुमारप्पांकडे आज्ञेबरोबर शेजारीही होता.

त्याच्याही आधी, 1897 साली, पुण्यात प्लेगच्या वेळी सरकारी छावणीत आपल्या आश्रमातल्या एका मुलीचे काय झाले, हे पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात लिहिले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते खोडून काढले, पण रमाबाई मागे हटल्या नाहीत. त्याच रमाबाई रोज प्रार्थनेला बसत. त्यांना या दोन्हींत अंतर वाटले नाही.

‘निष्ठा परदेशात’

या आरोपाचा सर्वांत मोठा दस्तऐवज नागपूरचाच. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या सरकारने 1954 साली मिशनरी कामाच्या चौकशीसाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिची प्रश्नावली 99 प्रश्नांची होती. 1956 साली आलेल्या अहवालाने परदेशी पैसा आणि देशाबाहेरच्या निष्ठा यांवर कडक ताशेरे ओढले.

या अहवालाबद्दल दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. समितीत एक ख्रिस्ती सदस्य होते : वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयातले प्राध्यापक एस. के. जॉर्ज. कायदेभंगाला उघड पाठिंबा दिला म्हणून ज्यांना कलकत्त्याचे बिशप्स कॉलेज सोडावे लागले, तेच हे जॉर्ज. दुसरी गोष्ट, चौकशी अन्यायाची वाटली तेव्हा कॅथलिकांनी सहकार्य थांबवले आणि 1955 साली नागपूर उच्च न्यायालयात अर्ज केला. पुढच्या वर्षी तो फेटाळला गेला. ना दगड उचलला, ना रस्ता अडवला. पौलाने कैसराकडे दाद मागितली तसेच हे झाले, फक्त इथे कैसराच्या जागी संविधान होते.

परदेशी पैशाबद्दलची शंका अगदी हवेतून आली नव्हती, हेही मान्य करायला हवे. मिशनची रुग्णालये आणि शाळा बराच काळ बाहेरच्या वर्गणीवर चालल्या. पण 1956 नंतर पुष्कळ बदलले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, म्हणजे परदेशी मिशनांच्या शाखांचे एक भारतीय चर्च झाले. परदेशी देणगीवर 1976पासून कायदा आहे, 2010 साली तो नव्याने झाला आणि 2020च्या दुरुस्तीनंतर अशी प्रत्येक देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या एकाच शाखेतल्या खात्यात उतरते. हा नियम धर्म न पाहता सर्व संस्थांना आहे. एखादी ख्रिस्ती संस्था तो मोडत असेल तर तिच्यावर कारवाई व्हावी. रोमकरांस पत्रही तेच सांगते.

कॅथलिक माणूस पोपला मानतो म्हणून तो व्हॅटिकनचा नागरिक होत नाही. स्वतः न्यायमूर्ती नियोगींनी अहवालाच्या वर्षीच, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, डॉ. आंबेडकरांसोबत याच नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धर्म बदलला म्हणून त्यांच्या देशनिष्ठेवर कोणी बोट ठेवले नाही, आणि ठेवायचे कारणही नव्हते. तीच मोजपट्टी सर्वांना लावावी.

आणखी काही

ख्रिस्ती मुले राष्ट्रगीत म्हणत नाहीत, असा एक समज आहे. तो केरळमधल्या एका खटल्यातून पसरला. त्या खटल्यातली तीन भावंडे यहोवाचे साक्षी या छोट्या पंथाची होती. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, गात मात्र नसत. सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली त्यांना शाळेतून काढणे चुकीचे ठरवले. बाकी मंडळ्यांमध्ये राष्ट्रगीत म्हणायला काहीच आडकाठी नाही.

रविवारी राष्ट्रपती, पंतप्रधान आणि राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते, ती खुशामत नाही. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तशी सूचना आहे आणि ती पक्ष पाहून दिलेली नाही. आपण मत न दिलेल्या नेत्यासाठीही प्रार्थना करावी लागते. निवडणुकीत व्यासपीठावरून एखाद्या पक्षाचे नाव घेणे ही मात्र वेगळी गोष्ट, आणि ती चूकच.

‘कैसराचे कैसराला’ म्हणजे धर्म आणि समाज यांचा संबंध नाही, हेही खरे नाही. येशूने नाणे मागवले, त्यावरचा मुखवटा दाखवून घेतला आणि ज्याचा मुखवटा त्याचे नाणे म्हणाला. पण देवाचे ते देवाला हेही त्याच दमात सांगितले, आणि शास्त्राप्रमाणे देवाची प्रतिमा माणसावर आहे. म्हणून माणूस कैसराच्या मालकीचा होत नाही. यिर्मयाने तर बाबेलला धरून नेलेल्या लोकांनाही त्या परक्या शहराचे हित साधायला सांगितले होते. आपण तर आपल्याच गावात आहोत.

शेवटचा गैरसमज घरातला आणि मंडळीतला. बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावे, ही ओवी मारहाण झाकायला वापरली जाते. इफिसकरांस पत्रात त्या ओवीच्या आधीच एकमेकांच्या अधीन राहा असे आहे, आणि नवऱ्याकडे जीव देण्यापर्यंतची प्रीती मागितली आहे. 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा ख्रिस्ती घरालाही लागू आहे; त्याचा आधार घेणारी बाई शास्त्राविरुद्ध जात नाही. तिला गप्प बसवणारा पाळक जातो. मंडळीच्या हिशेबाबद्दल विचारणाऱ्यालाही बंडखोर ठरवू नये, कारण पौलाने पेत्रालाही सर्वांसमोर चूक दाखवली होती.

सव्वीस जानेवारीच्या किंवा पंधरा ऑगस्टच्या आसपासच्या रविवारी रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय वाचायचा असेल, तर पाळकांना एवढीच विनंती, की वाचन 12व्या अध्यायाच्या 9व्या ओवीपासून सुरू करावे आणि 13व्याच्या 10व्या ओवीपर्यंत न्यावे. पाच मिनिटे जास्त लागतील.