‘लावणी’ शब्दाची तंजावरी साक्ष

‘लावणी’ या शब्दाची व्युत्पत्ती हा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांतील जुना वादविषय आहे. कोणी तो संस्कृत ‘लावण्य’ शब्दाशी जोडतात, कोणी ‘लापनिका’ या रूपापासून आणतात, तर कोणी ‘लावणे’ या क्रियापदापासून. मोल्सवर्थच्या कोशात रोपांची लागवड आणि गाण्याचा एक प्रकार असे दोन्ही अर्थ येतात. यांपैकी ‘लावण्य’पक्षाला जी लोकप्रियता लाभली, तिचे मूळ भाषाशास्त्रात नसून तमाशाच्या फडात आहे. शृंगारिक लावणी तेथे, आणि पुढे चित्रपटांत, इतकी रूढ झाली की लावणी म्हणजे शृंगारगीत हा समज दृढ झाला. तो पारखून घ्यावयाचा तर कावेरीच्या खोऱ्यात, तंजावरास जावे लागते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसल्यांनी स्थापिलेले तेथील मराठी राज्य 1855 पर्यंत टिकले. त्या संपर्कातून ‘लावणी’ हा शब्द तमिळमध्ये गेला. जुन्या तमिळ व्याकरणाप्रमाणे शब्दारंभी ‘ल’ येत नाही. म्हणून या शब्दाचे परकेपण त्याच्या पहिल्या अक्षरातच दिसते. मात्र त्याचे सगळे अर्थ तेथे रुजले नाहीत. तंजावर हा भाताचा मुलूख. रोपे लावण्याच्या कामाला तेथे ‘नडवु’ हा स्वतःचा शब्द होताच. तेव्हा शेतीचा अर्थ मागे राहिला आणि गाण्याचा तेवढा पुढे गेला.

परंतु हे गाणे नायिकेच्या विरहाचे नव्हे. मासी महिन्यातील कामन् पंडिगै या उत्सवात दोन पक्ष समोरासमोर बसतात. शिवाच्या तृतीय नेत्राने मदन जळाला, असे एक पक्ष गाऊन प्रतिपादितो. तो जळालाच नाही, असे दुसरा. प्रश्न गाण्यात, उत्तरही गाण्यात. पुराणांचे आधार आणि हजरजबाबीपणा हेच गायकाचे बळ. विषय मदनाचा, पण रंग वादाचा. म्हणूनच राजकीय पक्ष एकमेकांवर आरोपांच्या फैरी झाडू लागले की तमिळ माणूस ‘लावणी गातात’ असे म्हणतो.

मराठी वाचकाला येथे ‘कलगीतुरा’ हा वाक्प्रचार आठवल्यावाचून राहणार नाही. शक्तीचा पक्ष कलगीचा, शिवाचा तुऱ्याचा. डफ-तुणतुण्यावर रात्रभर चालणारे सवाल-जवाब आणि कूटप्रश्नांनी भरलेली भेदिक लावणी ही याच घराण्यातली. उत्तर हिंदुस्थानातील ‘लावनी’च्या आखाड्यांतही तुर्रा आणि कलगी हेच पक्ष आढळतात. म्हणजे तंजावरास जे गेले ते लावणीचे विकृत रूप नव्हे. महाराष्ट्राच्या वाङ्मयविचारात जे उपेक्षित राहिले, तेच तेथे मुख्य ठरले.

या साक्षीने व्युत्पत्तीचा वाद निकालात निघतो, असे मात्र म्हणता येणार नाही. शब्द परमुलखात जाताना आपल्या अर्थांपैकी एखादाच घेऊन जातो, आणि तो मूळचाच असतो असे नाही. तथापि एवढे निश्चित, की ‘लावण्य’ हे ज्या व्याख्येचे अधिष्ठान आहे, त्या व्याख्येत तंजावरी लावणी बसत नाही; भेदिक लावणीही बसत नाही. शब्द शब्दाशी, सवाल जवाबाशी लावून देणारी रचना, या अर्थात मात्र रामजोशी, होनाजी आणि कावेरीकाठचा गायक हे सारेच सामावतात. लावणीची व्याख्या करणाऱ्याने फडाच्या बाहेर, आणि महाराष्ट्राच्याही बाहेर, पाहिले पाहिजे ते यासाठीच.