सोप्यावर गाणें कसें मांडावें?

भोरच्या जुन्या घरांत सोपा म्हणजे सर्वांची बसण्याउठण्याची जागा. एके काळीं ज्याच्या सोप्यावर चावीचा ग्रामोफोन असे, त्याच्याकडे शेजारपाजारची मंडळी जमत. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. पण तेवढें गाणें सर्वजण मिळून ऐकत. आज हजारों गाणीं आपल्या खिशांत मावतात. मात्र तीं ज्याच्या त्याच्या कानांतच वाजतात. हें गाणें पुन्हा सोप्यावर कसें आणावें, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ‘डिजिटल’ म्हणजे काय तें पाहूं. ध्वनि म्हणजे हवेंतील लाटा. या लाटांची उंची दर सेकंदास हजारों वेळां मोजून तीं मापें अंकांच्या रूपानें लिहून ठेवणें, याचें नांव डिजिटल ध्वनिमुद्रण. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदास ४४,१०० मापें असतात, आणि डाव्या व उजव्या बाजूंसाठीं तीं निरनिराळीं घेतलेलीं असतात. माणसाच्या कानास सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो. त्याच्या दुपटीहून थोडीं अधिक मापें घेतलीं, म्हणजे ऐकूं येणारी लाट पुन्हा उभी करतां येते. असें एक तासाचें गाणें सुमारें ६३५ मेगाबाइट जागा व्यापतें. एमपीथ्री पद्धतींत कानास फारसे न जाणवणारे अंश गाळून तें अकराव्या हिश्शांतही बसवितां येतें. पण एकदां गाळलेलें परत मिळत नाहीं. फ्लॅक पद्धतींत जागा पुष्कळ वांचते आणि कांहींच गाळलें जात नाहीं. म्हणून सहज ऐकावयाचें तें एमपीथ्रींत असलें तरी चालेल. जें पुढच्या पिढीस द्यावयाचें, तें फ्लॅकमध्यें ठेवावें.

आतां मांडणी. हिचीं अंगें चार: गाणीं सांठविणारा फोन किंवा जुना संगणक, अंकांचें विजेच्या लहरींत रूपांतर करणारा ‘डॅक’, त्या लहरींस बळ देणारा ॲम्प्लिफायर, आणि दोन स्पीकर. कित्येक ॲम्प्लिफायरांत डॅक आंतच बसविलेला असतो, तेव्हां तो निराळा घ्यावा लागत नाहीं. जेवढे पैसे बाजूस काढले असतील त्यांतील मोठा वांटा स्पीकरांवर खर्चावा. कारण त्यांच्या बऱ्यावाईटपणाचा फरक कानास सर्वांत अधिक जाणवतो.

परंतु उत्तम स्पीकरही चुकीच्या जागीं ठेवला तर व्यर्थ होय. दोन स्पीकर आणि ऐकणारा असा समभुज त्रिकोण व्हावा, आणि स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावेत. त्यांस कोपऱ्यांत दडपूं नये. तेथें खर्जाचे स्वर फुगतात आणि शब्द अस्पष्ट होतात. नव्या घरांची फरशी व सिमेंटच्या भिंती आवाज परतवितात. यास उपाय स्वस्त आहे. जमिनीवर सतरंजी अंथरावी आणि मागच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी टांगावी.

येथें आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतों. तारा जोडतांना एका स्पीकरची तांबडी व काळी तार आम्हीं उलट जोडली. एक पडदा पुढें येई तेव्हां दुसरा मागें जाई, आणि खर्जाच्या लाटा एकमेकींस मारीत. तबल्याचा डग्गा अगदीं लुळा पडला. दोन दिवस आम्ही स्पीकरांस दोष देत होतों. दोष आमच्या घाईचा होता!

मांडणी झाली, आतां ऐकावें काय? आपल्या शेजारचेंच उदाहरण घेऊं. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनीं अनेक वर्षें खपून महाराष्ट्रांतील खेडोपाडींच्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. आपल्या उत्तरेच्या मुळशी तालुक्यांतील गांवेंही त्यांत आहेत. बेर्नार बेल या फ्रेंच संशोधकाच्या साह्यानें त्यांतील हजारों ओव्या त्या स्त्रियांच्याच आवाजांत मुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संग्रहानें त्या इंटरनेटवर प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तेथें त्या विनामूल्य ऐकावयास मिळतात. विजेची चक्की आली आणि जातें कोपऱ्यांत गेलें, ही गोष्ट वाईट झाली असें आम्ही म्हणत नाहीं. पहांटेचे ते कष्ट कोणी परत मागणार नाहीं. पण जात्याबरोबर ओवीही मुकी व्हावी, हें मात्र खचित दुःखाचें.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या आजीस एखादी ओवी येत असेल तर या सुट्टींत ती उतरून घ्या. प्रथम तिची अनुमति विचारा. पंखा बंद करा, फोन गोधडीच्या घडीवर तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा, आणि मध्यें बोलूं नका. शेवटीं तिचें नांव, गांव व तारीख तिच्याच तोंडून वदवून घ्या. घरांत जुन्या कॅसेटी असतील तर त्यांसही आपल्याकडील पावसाळ्याचा दमटपणा सोसत नाहीं. त्या चालतात तोंवरच त्यांवरील गाणें संगणकांत उतरवा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती करा. एक घरीं ठेवा, दुसरी आप्तांच्या घरीं. यंत्र केव्हां बिघडेल याचा नेम नसतो.

आणि पालकांस आमची एक विनंती आहे. आठवड्यांतून एक सायंकाळ सर्वांनीं कानांतील बोंडें काढून सोप्यावर बसावें. आवाज बेताचा ठेवावा, म्हणजे मध्यें कोणास कांहीं सांगावेंसें वाटलें तर सांगतां येईल. आजीची ओवी वाजत असतां तिला पुढची आठवली, तर यंत्र तत्काळ थांबवावें आणि तिला म्हणूं द्यावें. आमच्या मतें ही सर्व मांडणी त्या क्षणासाठींच करावयाची आहे.